शिक्षकांचे आणि शाळेचे आभार मानायचे, पण नेमके कशाचे?

प्रश्न: आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहोत. निघण्याआधी शिक्षकांचे आणि शाळा चालवणाऱ्या सगळ्यांचे आभार मानावेत असं वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटतं. पण काहीजण म्हणतात, ही सरळ चमचेगिरी आहे. शिवाय मुख्याध्यापक आणि ऑफिसमधल्या लोकांशी आमचा संबंध आला तो ओरडा खायला नाहीतर दाखल्यावर सही घ्यायला. त्यांचे आभार कशाबद्दल मानायचे? आणि कार्यक्रम करावा की पत्रं लिहावीत?

उत्तर:

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत काढली. आधी गणित शिकवलं, मग पर्यवेक्षिका झाले, शेवटची ८ वर्षं मुख्याध्यापिका होते. एवढ्या वर्षांत मिळालेली भेटकार्डं, फुलं, भाषणं मोजता येणार नाहीत आणि त्यांतली बहुतेक कुठे गेली तेही आठवत नाही. जपून ठेवलेले कागद मात्र ११ आहेत. हेच का उरले याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

त्यांतला एक कागद म्हणजे वहीचं फाडलेलं पान. एका मुलाने त्यावर लिहिलं आहे ते थोडक्यात असं: नववीत मी समीकरणं सोडवताना दर वेळी चुकायचो. एकदा तुम्ही वही परत देताना अख्ख्या उदाहरणावर काट मारली नव्हती. तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती आणि म्हणाला होतात, इथपर्यंत तुझं सगळं बरोबर आहे, इथून पुढे बघ. तोवर मला वाटायचं की मला गणितातलं काहीच येत नाही. त्या दिवसापासून मी दर उदाहरणात आपण कुठपर्यंत बरोबर आहोत ते शोधायला लागलो.

मला तो प्रसंग अजिबात आठवत नव्हता. वह्यांचे गठ्ठे तपासताना हात काय करतो याचं भान राहत नाही. पण ते पान वाचल्यापासून माझी वही तपासायची रीत बदलली. जे एकदा सहज हातून घडलं होतं, ते मी ठरवून करू लागले. पुढे कितीतरी मुलांच्या वह्यांत ती पेन्सिलीची रेघ उमटली, आणि ती मला त्या मुलाने दाखवून दिली होती.

शिक्षकाची खरी अडचण ही असते की आपल्या कामाचा परिणाम त्याला दिसत नाही. निकाल दिसतो, पण त्यात आपला वाटा कुठला ते कळत नाही. वर्गात बोललेल्या हजार वाक्यांपैकी कुठलं कोणाला लागू पडलं, कुठलं वाया गेलं, हे फक्त विद्यार्थी सांगू शकतो, आणि तो सहसा सांगत नाही. म्हणून ‘तुम्ही आम्हाला घडवलंत’ हे वाक्य ऐकून कोणाला वाईट वाटत नाही, पण हाती काही लागतही नाही. पत्र लिहून झालं की एक करून बघ. वरचं नाव झाकून तिथे दुसऱ्या एखाद्या सरांचं नाव आहे असं समजून वाच. पत्र तरीही चपखल बसत असेल, तर त्यात अजून काहीतरी लिहायचं राहिलं आहे.

आता चमचेगिरीबद्दल. तसं म्हणणाऱ्या मित्रांवर रागावू नका, त्यांचा संशय रास्त आहे. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याची स्तुती केली की ती कितीही मनापासून असली तरी तिला वास येतोच. यावर माझ्या अनुभवातला उपाय अगदी साधा आहे: अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरून झाल्यावर पत्रं द्या. त्याहून चांगलं म्हणजे आधीच्या वर्षांच्या शिक्षकांपासून सुरुवात करा, ज्यांचा तुमच्या निकालाशी आता काही संबंध उरलेला नाही. पाचवी-सहावीच्या शिक्षकांना असं पत्र जवळजवळ कधीच मिळत नाही. मुलं मोठी होऊन वरच्या मजल्यावर जातात आणि विषय तिथेच संपतो.

दुसरं असं की चमचेगिरी माणसाच्या मोठेपणाबद्दल बोलते आणि आभार एखाद्या कृतीबद्दल बोलतात. ‘मॅडम, तुमच्यासारखं कोणी शिकवतच नाही’ यात शिक्षकाला खूश करण्याचा प्रयत्न आहे, शिवाय इतर सगळ्यांवर एक शेराही आहे. शिक्षक खोलीत पत्रं एकमेकांना दाखवली जातात, तेव्हा तुलना अजिबात नको. ‘प्रयोगात माझं काचेचं भांडं फुटलं तेव्हा तुम्ही आधी माझा हात बघितलात’ हे वाक्य कुठल्याच अर्थाने चमचेगिरी होऊ शकत नाही.

बरीच मुलं संशयामुळे थांबत नाहीत, संकोचामुळे थांबतात. मला नीट लिहिता येणार नाही, वाचून सरांना अवघडल्यासारखं होईल, ते म्हणतील हे काय आता मध्येच. यावर अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला आणि मग पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कितीतरी जास्त आनंद झाला होता आणि अवघडलेपण कितीतरी कमी वाटलं होतं. लिहिणारे शब्द नीट जमतील का या काळजीत होते, वाचणाऱ्यांना मात्र त्यातली आपुलकी भिडली होती. माझ्या ११ कागदांपैकी चारांत शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका आहेत. त्या दुरुस्त कराव्यात असं भाषेच्या शिक्षिकेलाही वाटणार नाही.

अबोल मुलांसाठी एक गोष्ट सांगते. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू अल्जीरियातल्या अल्जीयर्समध्ये माध्यमिक शाळेत असताना क्षयाने आजारी पडला आणि वर्गात येईनासा झाला. त्याचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक झाँ ग्रनिए त्याची चौकशी करायला त्याच्या गरीब वस्तीतल्या घरी गेले. मुलगा त्या भेटीत फारसं बोललाच नाही. पण १९३७ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ते त्याने याच शिक्षकांना अर्पण केलं. पुढे १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर त्याने आणखी मागे जाऊन आपले प्राथमिक शाळेतले गुरुजी लुई जर्मेन यांना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, असं त्यात आहे. या जर्मेन गुरुजींनी त्याला माध्यमिक शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी तयार केलं होतं आणि मुलगा लवकर कामाला लागावा असं वाटणाऱ्या आजीला पटवलं होतं. तेव्हा जो मुलगा आज गप्प बसतो तो कृतघ्न आहे असं समजायचं कारण नाही. पण तुमच्याकडे वीस-तीस वर्षं थांबायचंही कारण नाही. शिक्षक निवृत्त होतात, गाव सोडतात, जातात. माझ्या एका सहकाऱ्यांना आलेलं सगळ्यात सुंदर पत्र त्यांच्या पत्नीने उघडलं.

आता तुझा खरा प्रश्न, मुख्याध्यापक आणि ऑफिसचा. त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मी दोन्हीकडे राहिले आहे. वर्गात होते तोवर मलाही वाटायचं की ही माणसं नुसती सह्या करतात आणि परिपत्रकं फिरवतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी मला हाच प्रश्न जरा सौम्य शब्दांत विचारला होता. मी उत्तर दिलं नाही. त्यांतल्या तिघांना सांगितलं, उद्या शाळा भरायच्या अर्धा तास आधी या, पर्यवेक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात बसा, पहिला तास संपेपर्यंत. बोलायचं नाही, दिसेल ते लिहायचं.

त्यांनी जे लिहून आणलं ते असं होतं. शाळा भरायच्या आत दोन शिक्षकांचे फोन आले, येता येत नाही म्हणून. तिसरे वाटेत अडकले होते. पर्यवेक्षकांनी बदली तासांची वही उघडली, समोर वेळापत्रकाचा तक्ता पसरला आणि कोणाचा तास कधी मोकळा आहे ते बघायला लागले. एका मॅडमचं नाव दुसऱ्या तासाला लिहिलं आणि खोडलं, कारण त्यांना आधीच सलग चार तास होते. मग त्या जागी विज्ञानाच्या सरांचं नाव घातलं, कारण त्या वर्गाचा विज्ञानाचा अभ्यासक्रम मागे होता. म्हणजे गेलेला तास नुसता भरला नाही, उपयोगीही केला. मधेच प्रयोगशाळेची किल्ली सापडेना. वरच्या मजल्यावरचा नळ वाहत होता. एक पालक दारातूनच आवाज चढवत आले. पर्यवेक्षकांनी त्यांना खुर्ची दिली, दार लावून घेतलं, पंधरा मिनिटांनी ते गृहस्थ शांतपणे बाहेर पडले. ज्या मुलावरून हे झालं तो तेव्हा वर्गात प्रार्थनेच्या रांगेतून आत येत होता. त्याला आजही हे माहीत नसणार.

तिघांपैकी एका मुलीने पानाच्या शेवटी लिहिलं होतं: ‘आमच्या वर्गात शिक्षकच आले नाहीत असा तास मला आठवत नाही. का आठवत नाही ते आज कळलं.’

शाळा चालवणाऱ्यांचं काम चोख झालं की ते दिसेनासं होतं. घंटा वेळेवर झाली, प्रश्नपत्रिका पुरल्या, पाणी आलं, पंखा चालला, यात कोणाला काही विशेष वाटत नाही, आणि वाटूही नये. बिघडलं की मात्र सगळ्यांना दिसतं. लिपिकांचंच बघ. परीक्षेच्या अर्जावर तुझं नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख लिहिलेली असते. त्यात एक अक्षर चुकलं तर पुढे प्रत्येक दाखल्याला, प्रत्येक प्रवेशाला ती चूक आडवी येते आणि दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. आमचे लिपिक अर्जांची यादी आणि प्रवेशाची मूळ नोंदवही शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्हींवर एकेक पट्टी, आणि एकेका ओळीने दोन्ही पट्ट्या खाली सरकवत जायचे. शेकडो नावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, या वेळी खालून वर. खालून वर वाचलं की डोळा सवयीने पुढे धावत नाही, असं ते म्हणायचे. ज्यांची नावं त्यांनी वाचवली त्यांना त्याचा पत्ताही नाही, कारण वाचलेली चूक कोणाला दिसत नाही.

आणि मुख्याध्यापक. तुम्हाला त्यांचा ओरडा दिसला, कारण तो मैदानावर, सगळ्यांसमोर झाला. जे बंद दाराआड होतं ते त्यांना कधीच सांगता येत नाही. कोणाच्या घरी काय चाललं आहे, कोणाची फी कशी मिटली, कोणाला काढून टाका म्हणून दबाव होता आणि ते कोणी थोपवलं, कुठल्या नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी वर्ग सांभाळेना तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभं राहिलं. हे सगळं गुप्त ठेवणं हाच त्या कामाचा भाग असतो. आठ वर्षांत मी जे बरं म्हणावं असं केलं, त्यातलं निम्म्याहून जास्त मी आजही इथे लिहू शकत नाही, कारण ती मुलं आता मोठी आहेत आणि ती गोष्ट त्यांची आहे.

म्हणून तुम्ही थोडी शोधाशोध करा. वर्गशिक्षकांना विचारा की मुख्याध्यापकांनी या दोन-तीन वर्षांत शाळेसाठी असं काय केलं जे आम्हाला दिसलं नाही. ग्रंथालय मधल्या सुट्टीत उघडं राहायला लागलं, ते कोणी ठरवलं? परीक्षेच्या दोन पेपरांमध्ये एक दिवस सोडायचा निर्णय कोणाचा? मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी कोणी बसवून घेतली? अशा एकेका गोष्टीमागे कुठेतरी कोणीतरी पत्र लिहिलेलं असतं, पाठपुरावा केलेला असतो, कधी वाईटपणाही घेतलेला असतो. सापडेल तेवढंच लिहा. शोधूनही काही सापडलं नाही तर खोटं लिहू नका. आभार ही हजेरी नव्हे, की प्रत्येकाच्या नावापुढे खूण झालीच पाहिजे.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. पर्यवेक्षिका झाले त्या पहिल्याच वर्षी आम्ही ठरवलं की वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक शिक्षकासाठी एक कार्ड लिहायचं. फळ्यावर नमुना म्हणून एक वाक्य लिहून दिलं. अर्थातच गठ्ठेच्या गठ्ठे तेच वाक्य घेऊन परत आले. त्यात एका मुलीचं एक कार्ड कोरं होतं. मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, ‘मॅडम, त्या बाई सगळ्या वर्गासमोर माझ्या आईबद्दल बोलल्या होत्या.’ मी तिला म्हणाले, असू दे, दोन ओळी लिही, बरं दिसत नाही. तिने लिहिल्या. खाली मान घालून, फळ्यावरचं वाक्य जसंच्या तसं. मी तेव्हा त्या बाईंशी बोलायला हवं होतं. ते केलं नाही, आणि मुलीकडून खोटे आभार लिहून घेतले. याची टोचणी आजही जात नाही.

त्यामुळे तुम्हाला कळकळीने सांगते, कोणी लिहिलं आणि कोणी नाही याची यादी ठेवू नका. ज्याला कोणाबद्दल राग आहे त्याला तो असू द्या, त्याची समजूत काढत बसू नका. आणि तक्रार खरी असेल तर ती वेगळी, रीतसर मांडा, आभाराच्या पत्रात शेवटच्या ओळीत चिकटवू नका. दोन्ही गोष्टी एकाच शाळेबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ५ ऑक्टोबरला जो जागतिक शिक्षक दिन पाळतात, तो १९९४ पासून पाळला जातो, आणि ती तारीख १९६६ च्या एका दस्तऐवजाची आहे. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिक्षकांच्या दर्जाबद्दल त्यात शिफारशी केल्या होत्या. प्रत्येक मुलाकडे लक्ष देता येईल एवढाच वर्ग मोठा असावा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या दिवसाच्या मुळाशी गुच्छ नाहीत, कामाची परिस्थिती आहे. मोठं झाल्यावर शाळांबद्दल मत द्यायची वेळ येईल तेव्हा हे लक्षात ठेवलंत, तर तेही आभारच.

कार्यक्रम की पत्रं, यावर माझं मत पत्रांच्या बाजूचं आहे. कार्यक्रम हवाच असेल तर छोटा ठेवा, आणि त्याची तयारी शिक्षकांवर पडणार नाही एवढं बघा. मी असे आभाराचे समारंभ पाहिले आहेत जिथे खुर्च्या लावण्यापासून माइकपर्यंत सगळं त्याच शिक्षकांनी केलं ज्यांचे आभार मानायचे होते. पत्र समक्ष नेऊन द्या. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात लोकांनी जिचे आभार मानायचे राहून गेले होते अशा व्यक्तीला पत्र लिहून आठवड्याभरात स्वतः नेऊन दिलं. लिहिणाऱ्यांच्याच मनावर त्याचा चांगला परिणाम महिनाभर टिकलेला दिसला. मोठ्याने वाचून दाखवायचं की नाही ते समोरच्यावर सोडा. काही शिक्षकांना चारचौघांत असं काही झालं की पळून जावंसं वाटतं.

अर्धं पान पुरे. सुरुवात प्रसंगापासून करा, ‘आदरणीय’च्या पाठोपाठ विशेषणांची रांग नको. काय घडलं, तेव्हा तुला काय वाटत होतं, नंतर काय बदललं, एवढं आलं की झालं. भेटवस्तू देऊ नका. त्यात पैसे असलेली आणि नसलेली मुलं वेगळी दिसायला लागतात. पत्र द्या आणि निघा, ते वाचेपर्यंत समोर उभं राहू नका. कोणी नुसतं ‘बरं, ठेव तिथे’ म्हणेल. त्यावरून काही ठरवू नका, खणात गेलेलं पत्र संध्याकाळी सगळे गेल्यावर वाचलं जातं.

वाटणी करताना मात्र डोळस राहा. एका लोकप्रिय सरांना तीस पत्रं आणि शेजारच्या टेबलावर एकही नाही, असं झालं तर तुमच्या हेतूच्या उलट घडेल. आधी शाळेतल्या सगळ्यांची यादी करा. ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, सफाई करणाऱ्या मावशी, दारावरचे काका, सगळे. ज्याला ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे त्याने ती नावं घ्यावीत. जी नावं मोकळी राहतील त्यांच्याबद्दल दुसऱ्या तुकडीत, खालच्या वर्गांत विचारा. बहुतेक वेळा कोणीतरी निघतंच, ज्याला त्या काकांनी पावसात थांबवून घेतलेलं असतं.

आमच्या त्या पट्टीवाल्या लिपिकांना २६ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एक पत्र आलं, त्या तिघांपैकीच एकाचं. ते हातात घेऊन ते माझ्याकडे आले आणि विचारलं, ‘मॅडम, हे आवक नोंदवहीत कुठल्या क्रमांकाला घेऊ?’ शाळेत आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करायची त्यांना सवय. मी म्हणाले, हे शाळेला आलेलं नाही, तुम्हाला आलं आहे. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग घडी घालून ते पत्र खिशात ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसले. तुमच्या यादीची सुरुवात ऑफिसपासून करा. शेवटी ठेवलीत तर ती नावं राहून जातील.